तुम्ही न सांगितलेला शब्द

प्रिय नॅना,

हे पत्र पोस्टाने आलं नाही म्हणून गोंधळू नका. मेनाच्या हाती पाठवलंय. शुक्रवारी तुम्ही तिच्या पार्लरमध्ये केस सेट करायला जाल, ती ते गरम हवेचं टोपलं तुमच्या डोक्यावर ठेवून एक मासिक देईल, त्यात हे असेल. तुमचा डॉम बाहेर गाडीत बसून राहतो, केसांच्या औषधांचा वास त्याला सोसत नाही, हे मला माहीत आहे. वाचून झालं की कागद मेनाकडेच परत द्या. पर्समध्ये नको, प्रार्थनेच्या पुस्तकात तर मुळीच नको.

तुमची नात टेस मजेत आहे. तिचा पुढचा दात पडला. इथल्या बेकरीतून चीज भरलेले पस्तिझ्झी आणले तर एक घास खाऊन म्हणाली, "हे काय? नॅनाला कळलं ना, तर ती त्या बेकरीवाल्याचा कानच उपटेल." शाळेत तिला एक मैत्रीण मिळाली आहे, आणि दोघी मिळून एका गोगलगायीला नाव ठेवून बसल्या आहेत. आम्ही कुठे राहतो ते लिहीत नाही. रागावू नका.

मी कशी आहे विचाराल तर बरी आहे. म्हणजे कामाला जाते, स्वयंपाक करते, चादरी बदलते. पण वाटत काहीच नाही, नॅना. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला राहत नाही ना, तसं सगळं झालंय. टेस पडलेला दात तळहातावर घेऊन आली, तेव्हा आनंद झाल्यासारखा चेहरा मी मुद्दाम केला. रडूही येत नाही. लोकांना वाटतं, किती धीराची बाई.

मागचा जुलै आठवतो, आपल्याकडचा ऐन हिवाळा. कोर्टाने डॉमला घरात पाऊल टाकायला बंदी केली होती आणि मला वाटलं होतं, सुटले. पण वीज त्याच्या नावावर होती. त्याने कंपनीला फोन केला की घर रिकामं आहे, जोडणी तोडा. हल्ली खांबावर कुणाला चढावं लागत नाही, मीटर लांबूनच बंद होतो. दार न उघडता, हात न लावता तो घरात येऊन गेला. आख्ख्या राज्याला वीज पुरवत आलेलं आपलं मॉरवेल गाव, आणि त्यात आम्ही दोघी थंडीत कोट घालून अंधारात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुम्ही सुपाचं भांडं घेऊन आलात. वाटेत थोडं सांडलं होतं, तुमच्या बाहीवर भोपळ्याचा डाग होता. आल्या आल्या म्हणालात, "डोकं तापट आहे गं त्याचं, बापावर गेलाय. मनाने वाईट नाही." मला तुमचा फार राग आला. तरी सूप प्यायले, कारण ते गरम होतं.

मग तुमच्याच फोनवरून मी कंपनीत बोलले. तिथे मरिके नावाची बाई भेटली. मी म्हटलं, दाखवायला कोर्टाचे कागद घेऊन येऊ का? ती म्हणाली, "कागद नको, तुमचा शब्द पुरे." घरच्याच माणसाचा जाच सोसणाऱ्या बायकांसाठी तसा नियमच आहे म्हणे. वीज त्याच दिवशी आली. खातं माझ्या नावाचं झालं, त्याची जुनी थकबाकी त्याच्याच गळ्यात राहिली, आणि माझा पत्ता कुणालाही सांगायचा नाही असं तिने नोंदवलं. पुन्हा कुणापुढे पहिल्यापासून सगळं उगाळायचीही गरज उरली नाही. फक्त एक गुप्त शब्द ठरवायचा होता. मला एकही शब्द सुचेना. स्वतःच्या लेकीचं नावसुद्धा क्षणभर आठवेना. तेव्हा तुम्ही माझ्या कानात एक शब्द सांगितलात, तुमच्या आईच्या गावातल्या विहिरीचं नाव. डॉमला ते कधीच ठाऊक नव्हतं. मी तोच सांगितला.

इकडे आले तरी कंपनी तीच आणि शब्दही तोच होता.

परवा मरिकेचा फोन आला. म्हणाली, आदल्या दिवशी एका बाईने माझं नाव सांगून फोन केला. आवाज वयस्कर होता. पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. तिला खात्यावरचा नवा पत्ता वाचून हवा होता. गुप्त शब्द विचारला तेव्हा ती म्हणाली, टेस. मग टेसचा वाढदिवस. मग संत जोसेफ. मागून एक पुरुष ओरडत होता, "नीट आठव, थेरडे! तुझ्यासमोरच ठरवला होता ना तिने?" मरिकेने अशा वेळी विचारायचं ते विचारलं, की तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? मग ती बाई हळूच म्हणाली, "नाही, बिंती." आणि फोन बंद झाला. मरिके मला विचारत होती, बिंती म्हणजे काय हो? मी म्हटलं, माल्टाच्या बायका लेकीला म्हणतात.

फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी खाली बसले आणि रडले, नॅना. टेस घाबरली, इतकी रडले. शब्द आता बदललाय, तुमच्या जिवावर ते ओझं नको. त्याने पुन्हा विचारलं तर खुशाल शपथ घ्या, तुम्हाला माहीत नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. तो तुमच्याकडे राहायला आल्यापासून वीज, गॅस, फोन त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलंय, आणि तुम्ही भर थंडीतही शेगडी लावत नाही, असं मेना सांगते. तुम्ही रविवारची प्रार्थना कधी चुकवत नाही, पण महिनाभर चर्चमध्येही दिसला नाहीत म्हणे. म्हणून मी मरिकेला पुन्हा फोन केला. विचारलं, तो नियम बायकोपुरताच आहे का? घर तिचंच असेल आणि त्रास देणारा पोटचा मुलगा असेल तर? तिचा नंबर या कागदामागे आहे, मेनाच्या दुकानातून लावा, ती तुम्हाला काही सिद्ध करायला लावणार नाही. ती म्हणाली, आईसुद्धा चालते.

तुमचीच बिंती,
ब्रॉन