पायलच्या बाळंतपणाचे लाडू

शुगर लँड, टेक्सस
१४ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानदेव यास,
सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. इकडे सप्टेंबर निम्मा सरला तरी उकाडा हटत नाही. दाराबाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ धरते. ह्यांची बायपास होऊन महिना झाला. गोळ्या मुकाट्याने घेतात, पण मिठावरून रोज भांडतात. डॉक्टरांनी बजावलंय की ह्यांना एकटं ठेवायचं नाही, त्यामुळे माझं हॉलंडचं तिकीट कॅन्सल केलं. पायलचे नोव्हेंबरात दिवस भरतात आणि मी इथे अडकलेली. लेकीच्या बाळंतपणाला आई नाही, हे मला फार लागतंय रे.

आता भिस्त तुझ्यावर. तिच्या थोरल्या नीलच्या वेळी तू लेस्टरहून पाठवलेले डिंकाचे लाडू दोन दिवसांत आइंडहोवनला तिच्या दारात होते. तसेच या वेळी पाठव. आणि तुझा तो कारखाना, म्हणजे चार शेगड्या आणि एक दीपा, कसा चाललाय ते खरं खरं लिही. फोनवर विचारलं की तू मस्त म्हणतोस आणि लगेच हवामानावर येतोस. जन्मभर लेबर रूममध्ये नर्स होते मी. सुईणीपासून पोट लपवू नये.

माझ्या भावजयीला, दीपाला, आशीर्वाद. माझ्यावर माया आहेच तुझी, तीत काटकसर करू नकोस.
तुझी,
कमलाताई

लेस्टर
२० ऑक्टोबर २०२४

ती. कमलाताईस,
सा. न. आणि जयभीम.

वि. वि. भाऊजींना सांग, मीठ कमी झालं की लिंबू वाढवायचं. तू पत्रात पकडलंसच, तर सांगतो. कारखाना मस्त नाही. ब्रिटन युरोपच्या बाजारात होतं तोवर हॉलंड-जर्मनी मला शेजारच्या गल्लीसारखे होते. तिकडे कुणाही मराठी पोरीचं बाळंतपण असलं की तिची नागपूर-पुण्याची आई मला फोन करायची, कारण तिला स्वतःला व्हिसा मिळायचा नाही. ब्रिटन बाहेर पडलं आणि सगळं फिरलं. आता दूध-तूप असलं की नाना कागद लागतात, तिकडे माल उतरवून घेणारा व्यापारी लागतो, आणि घरगुती पार्सलातून तर तूप जाऊच देत नाहीत. सुक्या चिवड्यावर काही दिवस काढले, पण दारात कस्टमचं बिल आलं की लोक कंटाळतात. डबे भरणारी मार्टा पोलंडला परत गेली. आणि लेस्टरात विकावं म्हटलं, तर इथे लाडू वळायला घरोघरी सासू बसलेली. दीपा म्हणते बंद करा.

पायलचा डबा जाणार नाही हे कळत होतं, तरी पाठवला. भाचीच्या बाबतीत माझं डोकं चालत नाही. सीमेवर अडवला आणि नष्ट केला. झाकणावर मीच हौसेने डच आणि जर्मनमध्ये ठळक छापून घेतलंय की लाडू शुद्ध साजूक तुपातले आहेत. त्या अधिकाऱ्याला डबा उघडायचीही गरज पडली नसेल.

रागावलीस तरी पत्र धाड.
तुझा,
ज्ञानदेव

शुगर लँड
२७ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदेव यास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अरे शहाण्या, तूप पोटात घालायचं असतं, झाकणावर नाही. आता नुसतं सुकामेवा असं लिही आणि दुसरा डबा पाठव. पायल काल म्हणाली, डोन्ट वरी आई, आय विल मॅनेज. मॅनेज म्हणजे काय, ब्रेड खाऊन कंबर भरून येते का? फोन ठेवल्यावर मी रडले.

आणि दीपाचं ऐक. बंद कर ते सगळं आणि दोघं इकडे या, राहता येईल तितके दिवस राहा. दोन आठवड्यांमागे ह्यूस्टनला धम्मचक्र दिनाला लोक तीन-तीन तास ड्राइव्ह करून आले होते. जेवणात लाडू होते, दगडासारखे. तुझी आठवण काढून खाल्ले. तुझ्या भल्यासाठी बोलावते असं समजू नकोस, मलाच तू जवळ हवा आहेस. ह्यांच्या ऑपरेशनपासून मला घर खायला उठतं.

ताईचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेव.
कमलाताई

आइंडहोवन
२ डिसेंबर २०२४

ती. कमलाताईस,
सा. न. आणि जयभीम.

वि. वि. पत्ता बघून दचकू नकोस. खोटं लेबल लावायला हात धजेना. ते लाडू खाणारी बाळंतीण असते, तिच्या डब्यावर खोटं कसं लिहू? म्हणून रिकाम्या हाताने स्वतःच आलो. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने कशासाठी आलात विचारलं, तर मी भाचीचं बाळंतपण करायला असं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं.

इथे लोणी छान मिळतं. पायलच्या स्वयंपाकघरात तूप कढवलं, डिंक तळला, खारीक कुटली. पायलची तान्ही अनुष्का अगदी तुझ्यासारखी आहे, दूध मिळेपर्यंत सगळ्यांना धारेवर धरते. पायलचा रंग परत आलाय. रोज सकाळी लाडू आणि वर माझी बोलणी खाते.

वासाने तिच्या मैत्रिणी आल्या. दोघींना दिवस गेलेत. त्यांनी शिकवता का विचारलं. मी दीपाला फोन केला. ती म्हणाली की शिकवाल तर पुन्हा ऑर्डर येणार नाही, नियम उद्या सैल झाले तरी नाही, आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊ नका. खरंच आहे तिचं. तूप कधी उतरवायचं आणि पाक न करता गूळ कसा मुरवायचा, एवढंच तर माझं दुकान. ताई, रात्रभर तळमळलो. सकाळी त्या पोरी वह्या घेऊन दारात उभ्या. मी वह्या ठेवायला लावल्या आणि हातात कढई दिली.

दीपाला तूच समजाव.
तुझा लाडका आणि वेडा,
ज्ञानदेव

शुगर लँड
९ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदेव यास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. दीपाशी तासभर बोलले. ती चिडली आहे, आणि तिला तो हक्क आहे. घर तिनेही त्याच शेगडीवर चालवलं. तिची समजूत मी घातली नाही, फक्त ऐकून घेतलं. शेवटी तिनेच विचारलं की पायलला दूध पुरेसं येतंय ना.

पायल फोनवर म्हणाली की मामा ओरडतो तेव्हा आई, तूच घरात आहेस असं वाटतं. आईचं काम तू केलंस रे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

सुखात राहा, दीपाला जप.
कमलाताई

लेस्टर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. कमलाताईस,
सा. न. आणि जयभीम.

वि. वि. भाऊजी चालायला जाऊ लागले हे वाचून आम्ही दोघंही खूश झालो. दीपा आता माझ्याशी नीट बोलते, जानेवारीपर्यंत फक्त कामापुरतं बोलायची. मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागलोय. पोरं वरण फेकून चिप्स मागतात. नाताळच्या सुट्टीत पंधरा दिवस तुझ्याकडे येतो, तिकिटं काढलीत.

चार शेगड्या मात्र अजून ठेवल्या होत्या. लाडूंचा हंगाम थंडीचा. वाटलं, कागदपत्रांचं काही जमवू, आइंडहोवनहून एखादी तरी विचारेल. सप्टेंबरभर फोन उशाशी ठेवला. दीपाला ते दिसत होतं. शेवटी काल न राहवून मीच पायलला फोन केला आणि आडून आडून विचारलं की तिकडे यंदा कुणाचं बाळंतपण नाही का. ती म्हणाली, तिघींची झाली, आणि सगळ्यांकडे घरीच लाडू झाले, मामा.

आज सकाळी कारखान्याची पाटी उतरवली. दीपाने स्टूल धरलं.

तू जवळ घेशील म्हणून येतोय.
तुझा,
ज्ञानदेव