भावोजींच्या विहिरीतला पारा

३ मार्च

शाळेत असताना एकदा प्रार्थनेच्या रांगेत ताई माझी रिबीन बांधता बांधता कानात काहीतरी पुटपुटली आणि मी फिस्सकन हसले. सिस्टरनी दोघींना बाकावर उभं केलं. तिथूनही ताई मला वेडावत होती! आज उगीचच आठवलं. ती जाऊन महिना झाला.

शेवटी शेवटी तिला कप धरवत नव्हता. माझं नावसुद्धा आठवेना. भावोजी म्हणायचे, "वय झालं हो, मेहुणीबाई." वय! परसात त्यांचा थर्मामीटरचा कारखाना, त्याचं सांडपाणी विहिरीशेजारच्या खड्ड्यात, आणि घरात प्यायला तीच विहीर.

सोडणार नाही मी त्यांना.

४ मार्च

विहिरीचं पाणी घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. चिमणी आता तिथे प्राध्यापक आहे — माझीच जुनी विद्यार्थिनी. सोन्याचे अतिसूक्ष्म कण आम्ही दोघींनी तयार केले, अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनात धरून ठेवलेले. अतिनील दिव्याखाली निखाऱ्यासारखे लाल. पाण्यात पारा असला की ती लाली विझते.

थेंब टाकले. विझली!

"मॅडम, तांब्यानेही विझते. तुम्हीच शिकवलंत ना?"

कार्टी! पण खरं होतं. तांब्याला अडवून धरणारं रसायन घातलं. नुसतं तांबं असतं, तर लाली परतली असती. मी डोळे मिटून बसले — येऊ नको, बाई, येऊ नको.

नाही आली. पाराच.

केवढा आनंद झाला! लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

७ मार्च

पाणी खात्याच्या साहेबांना घेऊन भावोजींकडे थडकले. त्यांच्याच टेबलावर लाली विझवून दाखवली. साहेबांचा चेहरा उतरला. भावोजींचा नाही.

"वा! मेहुणीबाई जादूचे प्रयोग शिकल्या म्हणायच्या."

"ताईला तुम्ही मारलंत."

"पारा निघाला, दंड भरू. विहीर बुजवू. पण ती त्यानेच गेली, हे कशावरून? आता तपासणार कुणाला?"

आणि चक्क चहा मागवला.

८ मार्च

दंड! दिवसभर तोच शब्द चावतेय.

१२ मार्च

चिमणी हात धुऊन मागे लागली, म्हणून माझीच लघवी तपासायला दिली होती. डॉक्टर फोनवर फार हळू बोलले. "पारा आहे, बाई. बराच आहे." असणारच. दोन वर्षं ताईच्या उशाशी बसून तेच पाणी प्यायले मी. तपासायला कुणी हवं होतं ना, भावोजी? मी आहे — चालताबोलता पुरावा!

अहवालाची एक प्रत वकिलांना, एक साहेबांना. दिवा आणि उरलेले कण चिमणीला. ताईची शालही तिलाच. थंडीत कुडकुडते पोरगी. भावोजींना मी स्वतः जाऊन सांगणार. आणि तेवढी मी टिकले नाही, तर चिमणीने सांगायचं — कारखान्याच्या दारात, कामगार सुटायच्या वेळी, खणखणीत आवाजात.