गुडघ्याचं निमित्त

स्टिकीन नदीकाठचा शिकारी तळ, २ सप्टेंबर

एमेट,

गुडघा दुखतो म्हणालास आणि मी वेडी वर्षभर मलम पाठवत बसले. काल इथल्या दुसऱ्या वाटाड्याने, हँकने, खरं सांगितलं. गेल्या साली मारलेला डोंगरी बोकड आणायला कड्यावर गेलास आणि तीन तास डोळे मिटून खडकाला चिकटून राहिलास. वाटाड्या तू, आणि पाहुण्या शिकाऱ्याने तुला पाय धरधरून उतरवलं.

"तुझा भाऊ घाबरत नाही गं, फक्त खाली बघत नाही," हँक हसला. या तळाची स्वयंपाकीण असूनही मी त्याला रस्सा वाढला नाही.

तरी यंदाही वाटाड्या म्हणून यायला इथल्या मालकाला हो म्हणालास? मारलेलं जनावर टाकून येता येत नाही, पुन्हा चढावंच लागेल.

मी बरी आहे. आई जेवते ना? इथे घोडे सांभाळायला माणूस हवाय, त्यात लाज कसली?

शुक्रवारच्या टपालाच्या विमानाने मालकाकडे तुझ्या नकाराची चिठ्ठी यायला हवी. नाहीतर शनिवारी मीच त्याला कड्यावरचं सगळं सांगेन.

तुझी बहीण,
लोरेटा