आबांची बंदूक सापडत नाही

४ नोव्हें.
ठाण्यातून फोन. निवडणूक लागली, परवान्याची हत्यारं आठवड्यात जमा करा. आबांची, म्हणजे सासऱ्यांची, बारा बोअरची बंदूक. फौजेतून आल्यावर बारामतीत बँकेच्या दारात तीच घेऊन उभे असायचे. आता जेवलेलंही ध्यानात राहत नाही. कपाट उघडलं. कुलूप शाबूत, आत बंदूक नाही.

५ नोव्हें.
"आबा, बंदूक कुठं ठेवलीय?"
"हाय की. नीट ठेवलीया."
"पण कुठं?"
"पोरीच्या हाताला लागू न्हाय, अशी."
ह्यांनी एमआयडीसीत रजा टाकली. माळा, कणग्या, गोठा, विहिरीवरची मोटारीची खोली. काही नाही. भरलेली असली तर? पोरीला, पिंकीला, माझ्या आईकडे पळसदेवला पाठवलं.

९ नोव्हें.
आपण होऊन ठाण्यात सांगितलं. वाटलं, खरं बोललं की... साहेब म्हणाले, "परवाना त्यांचा, जबाबदारी त्यांची. आठवत नाही, हे कागदावर कसं घेऊ? अन् असं होतं तर परवाना आधीच परत का नाही केला?"
दर वर्षी म्हणायचो, करू परत. आबांना काय वाटेल म्हणून राहून गेलं.

१० नोव्हें.
झडती. सकाळी सातलाच गाडी. पंच म्हणून गल्लीतलेच दोघं, मान खाली घालून. महिला पोलिसानं माझी पेटी उपसली. लग्नातल्या साड्या, आतले कपडे, सगळं पलंगावर. "वहिनी, डूटी हाय," म्हणाली. आबांनी उठून साहेबांना कडक सलाम केला. कुणाला हसूही आलं नाही. गव्हाच्या कोठीत काडतुसं निघाली, सात. आणलेली दहा होती. पंचनाम्यावर ह्यांची सही. गुन्हा दाखल होणार.

११ नोव्हें.
पेटी अजून तशीच. आवरवत नाही.
इंदापूरच्या डॉक्टरांकडे विसराळूपणाचा दाखला मागितला. "पुण्याला तपासण्या करा, मग."

१३ नोव्हें.
दुपारी आबांना भाकरी चुरून देत होते. काही विचारलं नव्हतं. आपणच म्हणाले, "दिली ती."
"काय दिलं आबा?"
"बंदूक. न्यायला आलता."
"कोण?"
"वळखीचा हुता."
"नाव काय त्याचं?"
नाव आठवेना. मग म्हणाले, "चांगला हुता गं. पाया पडला माझ्या."

हे घरी यायला अजून तीन तास. ठाण्यात सांगितलं तर आबांवर बंदूक दुसऱ्याला दिल्याचं आणखी एक कलम. नाही सांगितलं तर ती बंदूक, ती तीन काडतुसं कुणाच्या हातात...