तिन्ही सेंटरला एकच कार्ड

५ जानेवारी २००९
संकल्प पक्का. दूध संस्थेची वडवणी, धारूर आणि मांजरसुंबा अशी तीन सेंटर, तीन कंपन्यांची मशीन. फॅट मोजून चिठ्ठी छापतात, पण इंग्रजीत. मांजरसुंब्याला दूध घालणाऱ्या कौशल्याबाई तर चिठ्ठी उलटी धरतात. माझा कॉम्प्युटर क्लास आहे; मी मराठी लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटची सिस्टिम, बनवणार. तिन्ही मशीनमध्ये ARM चिप आहे. चिपची जात एक, म्हणजे सिस्टिम एक. एकच मेमरी कार्ड फिरवायचं.
अप्पा माझे सासरे असले तरी संस्थेचे चेअरमन. रीतसर परवानगी मागितली. म्हणाले, 'जावईबापू, काय करायचं ते करा, फक्त दूध थांबू देऊ नका.' जुना माणूस. भीती असणारच.

११ फेब्रुवारी
वडवणीचं मशीन चाललं! चिठ्ठी मराठीत. अप्पांनी ती घडी करून खिशात ठेवली. 
इंटरनेटवर एका परदेशी माणसाचं उत्तर आलंय : प्रत्येक बोर्डाला, म्हणजे मशीनमधल्या सर्किटला, वेगळा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लागतो. त्याला बीड जिल्हा माहीत नाही.

२० फेब्रुवारी, दुपार. धारूर
कार्ड घातलं. स्क्रीन काळी. लोडशेडिंगचा परिणाम असावा.
जनरेटर लावला. काळीच. म्हणजे कार्डचा दोष. सिस्टिम थेट मशीनच्या मेमरीतच टाकतो.
बायकोचा, प्रणिताचा फोन. जुन्या सिस्टिमची कॉपी काढून ठेवलीत का, असं विचारत होती. मागे बघणारा माणूस पुढे जात नाही, असं सांगितलं. वाक्य चांगलं जमलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ. मांजरसुंबा
धारूरचं मशीन आता चालूच होत नाही. बोर्ड आधीच कमजोर होता, हे सिद्ध करायला इथल्या मशीनवरही टाकलं.
हाही बोर्ड कमजोर निघाला.
आज इथेच थांबतो. जेवण राहिलंय म्हणून.

२१ फेब्रुवारी, सकाळ
मांजरसुंब्याला कॅनची रांग हायवेपर्यंत. फॅट मोजल्याशिवाय टँकरवाला दूध घेईना. धारूरलाही तेच. कौशल्याबाईंनी विचारलं, 'मशीन कावून बंद हाय?' टेक्निकल कारण हाय, म्हणालो. त्या म्हणाल्या, 'कारण असंल, पर दूध नासंल की.'
टँकर रिकामाच गेला.
अप्पा आले. माझ्याकडे बघितलं नाही. बायांसमोर हात जोडून म्हणाले, 'चूक माझी हाय. मीच हो म्हणलो.' मी पुढे होऊन बोलणार होतो. योग्य शब्द सुचेपर्यंत बाया कॅन उचलून निघाल्या होत्या.

२३ फेब्रुवारी
औरंगाबादहून तिन्ही कंपन्यांचे इंजिनिअर आले. दोन्ही बंद मशीनवर जुनी सिस्टिम परत बसवली. अप्पांनी तिसऱ्याला वडवणीला पाठवलं. ते मशीन तर चालू होतं. मी तसं म्हणालो. अप्पा म्हणाले, 'असू द्या.'
चहाच्या वेळी एका इंजिनिअरने माझी ओळख विचारली. अप्पा म्हणाले, 'आमचे जावई हायती. क्लास घेतात.'
कशाचा, त्याने विचारलं.
अप्पांनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'टायपिंगचा.'
मी बशीत चहा ओतला.