पाच पंपांचे आदर्श वर्गीकरण

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा कंबरेतून वाकून नमस्कार. (कंबर सरळ का होत नाही, ते ओघाने येईलच.) मामींचा गुडघा कसा आहे? बागेला अजून बादलीनेच पाणी घालावे लागते का? मी सुखरूप असून दहाही बोटे जागेवर आहेत. आईला हे आवर्जून कळवावे.

आपण शब्द टाकलात म्हणून पंपदुरुस्तीच्या कारखान्याने मला उन्हाळी अनुभवासाठी ठेवून घेतले. त्याआधी एकोणीस कंपन्यांकडे अर्ज केले होते. अठरांनी उत्तरच दिले नाही आणि एकोणिसावीने पूर्वानुभव विचारला. (अनुभव मिळावा म्हणूनच हा अर्ज आहे, हे मी त्यांना दोन पानांत आकृतीसह समजावले. मग तीही गप्प झाली.) सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र उद्या, शनिवारी, कॉलेजात पोहोचले नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, हे आपण जाणताच.

आता मूळ विषय. आमच्या मिस्त्रींची पद्धत अशी की एका पंपाला एक ताट. सुटलेला प्रत्येक भाग सुटला त्या क्रमाने ताटाच्या कडेने मांडायचा आणि जोडताना उलट्या दिशेने उचलत यायचे. कागद नाही, खूण नाही. मंगळवारी मिस्त्री जेवायला गेले असता अशी पाच काळीकुट्ट ताटे मला दिसली आणि माझ्यातला अभियंता जागा झाला. मी एकूण एक भाग रॉकेलने धुतला, पुसला, मोजला आणि पाचही पंपांचे बोल्ट एका ताटात, वॉशर दुसऱ्यात, स्प्रिंगा तिसऱ्यात असे आकारानुसार लावून प्रत्येक ताटाला सुवाच्य चिठ्ठी डकवली.

मिस्त्री परतले आणि बराच वेळ ताटांपुढे नुसते दात कोरत उभे राहिले. मला वाटले, भारावले. मग म्हणाले, "छान. आता कोणता बोल्ट कोणत्या पंपाचा, ते त्या बोल्टलाच विचार."

सारख्या मापाचे बोल्ट तत्त्वतः एकमेकांच्या जागी चालतात, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"तत्त्वतः तूही इंजिनिअर आहेस," ते म्हणाले.

(वर्षानुवर्षे एका भोकात बसलेला बोल्ट त्या भोकापुरताच झिजतो, हे आमच्या पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ मी लाल शाईने अधोरेखितही केली होती.) मी बोल्ट आणि भोकांच्या शक्य असलेल्या सर्व जोडण्यांची संख्या काढू लागलो; आकडेमोड तिसऱ्या पानावर गेली तेव्हा मिस्त्रींनी माझ्या हातातले पेन काढून पाना दिला. मालकांनी अट घातली: पाचही गिऱ्हाइकांनी 'काम समाधानकारक' असे सहीनिशी लिहून द्यावे, मगच प्रमाणपत्र.

तेव्हापासून मी ओणवा आहे. एकेक बोल्ट फिरवून त्याचे घर शोधणे हे किती आनंददायी शास्त्र आहे, ते भेटीअंती दीड तासात सांगेन. मिस्त्री आता मला 'वर्गीकरण' अशी हाक मारतात, पण चहाचा पहिला कप मलाच देतात. चार पंप चालू झाले, चार सह्या मिळाल्या.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पाचवा पंप हिरवा असून त्याला डाव्या बाजूस पोचा आहे. होय, आपल्याच बागेतला. हे पत्र आणणाऱ्या टेम्पोतच तो आहे. उत्तम चालतो.

ता. क. २: सोबतच्या कागदावर फुली केली आहे तिथे सही करून कागद टेम्पोवाल्याच्याच हाती परत द्यावा. पंप लावून पाहण्याची घाई नको; तो प्रवासाने दमला असेल.

ता. क. ३: लहान पाकीट सही झाल्यावरच उघडावे. त्यात तीन बोल्ट आणि एक वॉशर आहे. सर्व धुतलेले असून मापानुसार लावले आहेत.