पडद्यामागून बघायचा पिक्चर

आये, आजचा पिक्चर मी निवडलाय. आमच्या घरात शनिवारी सगळे मिळून टीव्हीवर एक पिक्चर बघतात, निवडायची पाळी फिरत असते. आज पहिल्यांदा माझी आली. सकाळपासून बूड एका जागी ठरत नाही. सून म्हणते, "आई, दुपारच्या जरा पडा." कशाला पडू? इंद्रलोक बिल्डिंगच्या ह्या गॅलरीत वही घेऊन बसलेय. सातवी नापास बाईचं अक्षर आहे, चालवून घे. तुला नाहीतरी वाचता येत नव्हतं.

निवडण्यावरून केवढा गोंधळ घातला सगळ्यांनी. मुलगा म्हणाला, "जुना क्लासिकच हवा ना, मग निदान रंगीत तरी घे." सून म्हणाली, रडका नको. समोरची बेन विरजण मागायला आली, तीपण दारातूनच, "माजी, कॉमेडी लगाओ ने, टेन्शन काय को?" मी म्हटलं, "मेरा नंबर है, मैं लगाएगी." मला तो घोडागाडीवाल्याचा पाहिजे होता, आपल्या देवीच्या जत्रेला मिठागराजवळच्या मैदानात दाखवलेला. नाव आठवेना. नातीला एवढंच सांगितलं, हिरो घोडागाडी हाकतो, त्याची आई आंधळी, तिला तो हातानं भरवतो. पोरगी तीन दिवस नेटवर शोधत होती. काल कॉलेजातून ओरडतच आली, "आजी, हाच का गं?" मोबाइलवर त्याची ती तिरकी टोपी दिसली आणि मी टाळीच वाजवली. ह्या वयात!

अजून डोळ्यांसमोर आहे, जत्रेच्या त्या मैदानात दोन बांबूंना पडदा बांधलाय. पुढच्या अंगाला पुरुष आणि आम्ही पोरं, मागच्या अंगाला बायका. पद्धतच तशी, कोणी का म्हणून विचारत नव्हतं. तू मासळीला मीठ लावून घाईघाईनं येतेस आणि मागं बांधावर बसतेस. मागूनही चित्र दिसायचं, फक्त आरशात दिसतं तसं, उजव्याचं डावं. अक्षरं उलटी पडायची, पण तुम्हा बायकांना अक्षरंच येत नव्हती, मग कळणार कसं?

आणि तू तर डावरी. डाव्या हातानं विळीवर मासळी कापायचीस, डाव्या हातानं चूल सारवायचीस. तुझी सासू, माझी आजी, त्यावरून रोज टोचायची. जेवताना तेवढा तू उजवा हात लावायचीस, आणि निम्मा घास मांडीवर सांडायचा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मात्र तुझी कळाच वेगळी. चुलीपाशी बसून सांगत सुटलीस, "बगलास ना गो त्या हिरोला? डावरा हाय. आईला डाव्या हातानं भरवतो. येवढा मोठा मानूस, त्याला कोन न्हाय बोलत!" आणि आजीसमोर सरळ डाव्या हातानं पहिला घास उचललास. मी कधी तुला इतकी खूश बघितली नव्हती.

मी लगेच बोलले, "खोटं. उजव्या हातानं भरवलं. मी पुढंच बसलेले."

आजी हसली, खोकला येईपर्यंत हसली. "आता शिनेमावाल्यालापन डावरा केलास का गो?" तू म्हणालीस, "माजे डोले फुटले न्हाय." घास खाली ठेवलास, परत उजव्या हातानं घेतलास. आजीनं मला शहाणी म्हणून रेवडी दिली आणि मी ती कडाकडा खाल्ली.

तर आज काय करणार, ऐक. नात म्हणाली, लॅपटॉपवर पिक्चर आरशातल्यासारखा उलटा करता येतो, वायर लावली की टीव्हीवर तसाच दिसतो. मुलगा म्हणाला, "आई, सगळी नावं उलटी दिसतील." मी म्हटलं, नावं वाचायला बसतोय का आपण? सून भिंतीला झगमग लाइटी लावत होती, त्या काढायला लावल्या. पिक्चर बघायचाय, बारसं नाही. त्यापेक्षा सुके बोंबील भाज म्हटलं. मघाशी नातीनं तेवढा एक सीन लावून दाखवला. त्यानं भाकरी मोडली आणि डावा हात पुढं केला. डावा, आये! मी "बघ, बघ" करत खुर्चीतून उठलेच.

घरात सगळ्यांना मी सांगितलंय की परवा नातीच्या मोबाइलमध्ये माझं तोंड बघताना नाकातली चमकी दुसऱ्या बाजूला दिसली, तेव्हा तुला तो हिरो डावरा का दिसला ह्याचा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे म्हणाले, आजी काय हुशार. खोटं आहे ते. पुढच्याच जत्रेला, मोठी झाली म्हणून मला मागं तुझ्याशेजारी बसवलं होतं. पडद्यावर सगळेच डावरे. डाव्या हातानं सलाम, डाव्या हातानं मारामारी. मला तेव्हाच कळलं. तू माझ्याकडं बघितलंस, मी पदराशी चाळा करत बसले. घरी येऊन आजीला एक वाक्य सांगायचं होतं. नाही सांगितलं. शहाणी म्हणवून घ्यायची चटक लागलेली. आणि तू मरेपर्यंत उजव्या हातानं सांडत जेवलीस.

नात आतून हाका मारतेय, वायर जोडली म्हणून. ही वही गादीखाली ठेवते, पाठवणार कुठं? आज तो भरवेल तेव्हा सगळ्यांसमोर बोलणार आहे, माझी आई बरोबर होती आणि मला ते माहीत होतं. आजी नाही, तू नाहीस, हसणारं कोणी नाही. तरी आये, भीती वाटतेय.